अप्पांनी निवडलेला खडा

१५ मे. सकाळी सहाला ३९ अंश फॅरनहाइट. ढग विरळ, वारा नाही, दव भरपूर.

माझ्या बागेच्या वहीत पानागणिक चार रकाने असतात: तारीख, हवा, झाड आणि झालं काय. किस्स्यांना रकाना नाही, म्हणून ते समासात जातात. पहिल्या वर्षी समासात जेमतेम तीन ओळी होत्या. आता समास भरून वाहतोय आणि रकाने रिकामे! माझा नवरा श्रीकांत म्हणतो, "हवा लिहायचं सोड, ती फोनवर दिसते. देशमुखांचं लिही. ते फोनवर दिसत नाही."

आज मोजणी होती. तिचं काय झालं ते शेवटी सांगते. आधी समास.

आम्ही मिशिगनमध्ये, ट्रॉयला राहतो. आमच्या वसाहतीत शिरताना डाव्या हाताला एक चढ लागतो. चाळीस फूट लांब, सहा फूट रुंद, खाली नुसता दगड आणि बिल्डरने पुरलेला राडारोडा. सोसायटी दर वर्षी तिथे गवताच्या तयार गुंडाळ्या आणून अंथरायची आणि दर ऑगस्टमध्ये त्यांचा काथ्या व्हायचा.

आमच्या शेजारचे अशोक देशमुख, म्हणजे देशमुखकाका, नागपूरचे. तीस वर्षं गाड्यांच्या दारांच्या बिजागऱ्या डिझाइन करून रिटायर झाले. त्यांनी सोसायटीच्या मीटिंगमध्ये हात वर केला. "उंच डोंगरावर, दगडात वाढणारी झाडं असतात. जमिनीला चिकटून पसरतात. माती नको, पाणी नको, सहा महिने बर्फाखाली झोपतात. जागेत काही नाही, तर ज्यांना काही लागत नाही अशीच झाडं लावू ना!"

सोसायटीचा अध्यक्ष ग्लेन. माणूस सज्जन, पण नियमाचा. त्याने दोन वर्षं दिली. तिसऱ्या मे महिन्यात चढावर दोऱ्या ताणायच्या, वीस रांगा, रांगेत पाच चौकोन, म्हणजे शंभर. ज्या चौकोनात जिवंत झाड दिसेल तो भरला. पंच्याहत्तर भरले तर चढ आमचा, नाहीतर पुन्हा गवत. आणि शेवटच्या वसंतात नवीन काही लावायचं नाही. वही माझ्याकडे, म्हणून मोजणारी मी.

त्या दिवशी मीटिंगहून परतताना काका म्हणाले, "वसुधा, बिजागरी चांगली असली ना, की कोणाला दिसत नाही. तीस वर्षं मी न दिसणारं काम केलं. हे पहिलंच दिसणारं."

मग मी आणखी एक वही आणली.

*

आमच्यात तिसरी मीनल. गाड्यांचं सॉफ्टवेअर लिहिते, समोर राहते. तिचे वडील अप्पा दर उन्हाळ्यात इस्लामपूरहून सहा महिन्यांसाठी येतात. अप्पांनी चाळीस वर्षं धान्याचं दुकान चालवलं. त्यांचा अभिमान एकच: "आमच्या तांदळात गिऱ्हाइकाच्या दाताखाली कधी खडा आला नाही!"

पहिल्या वर्षी मीनलने रोपांसाठी माती कालवली. डोंगरी झाडांना पाणी साचलेलं अजिबात चालत नाही, मुळं सडतात. म्हणून निम्मी खडी, पाव वाळू, पाव खत. अशी पाच टब माती तयार करून ती ऑफिसला गेली.

संध्याकाळी येऊन बघते तर अंगणात चटई, चटईवर अप्पा, हातात रव्याची चाळणी. टबांत काळी, मऊ, लोण्यासारखी माती. आणि बाजूला टॉवेलवर खडी धुऊन वाळत घातलेली! तीन ढीग. मोठी, मध्यम, बारीक.

"मीनल, त्या दुकानदाराने तुला चक्क फसवलंय," अप्पा घाम पुसत म्हणाले. "निम्मी माती आणि निम्मे खडे!"

"अप्पा! ते खडे मी विकत आणलेत!"

अप्पांनी चाळणी खाली ठेवली.

"विकत?" ते म्हणाले. "मग चाळीस वर्षं मी काय फेकून देत होतो?"

त्या दिवशी मीनलने त्यांच्याकडून वचन घेतलं की अमेरिकेत असेपर्यंत ते विचारल्याशिवाय एकाही खड्याला हात लावणार नाहीत. अप्पा शब्दाचे पक्के.

*

पुढच्या जानेवारीत माझं हळदीकुंकू. वाण काय द्यायचं? प्लॅस्टिकच्या डब्यांना मैत्रिणी विटल्या होत्या. माझ्याकडे 'कोंबडी-पिल्लं' खूप झाली होती. म्हणजे ते झाड, मधे मोठा गेंद आणि भोवती छोटे छोटे गेंद. इथे त्याला तसंच म्हणतात. त्याला मारायचं म्हटलं तरी मरत नाही. चोवीस स्टीलच्या वाट्या आणल्या, प्रत्येकीत खडी आणि एक पिल्लू. बायका खूश!

फेब्रुवारीत फोन सुरू झाले. "वसुधा, ते काळं पडलंय." "वसुधा, ते विरघळलंय."

"पाणी किती घालता?"

"रोज तुळशीला घालते ना, त्यातलंच थोडं!"

वाटीला भोक नाही, पाणी जाणार कुठे? चोवीसपैकी चोवीस मेली. माझ्या वहीत इतका सलग रकाना दुसरा नाही.

पुढच्या वर्षी मी शहाणी झाले. श्रीकांतने गराजमध्ये बसून नव्या चोवीस वाट्यांना प्रत्येकी तीन भोकं पाडली. सगळी पिल्लं जगली, मोठी झाली, कुंड्यांत गेली. वाट्या मोकळ्या झाल्या. मोकळी वाटी कुठे जाते? घासून फडताळात!

मागच्या दिवाळीत मीनलकडे जेवायला होतो. कढी वाढली. देशमुखकाका बोलत होते, बोलता बोलता वाटी उचलली, तोंडाला लावली, खाली ठेवली. आत बघितलं. मग ताटात बघितलं. कढी जिलबीखालून श्रीखंडाकडे निघाली होती.

काकांनी वाटी दिव्यासमोर धरली, तिन्ही भोकांतून एकेकदा पाहिलं आणि म्हणाले, "ड्रेनेज उत्तम आहे!"

*

डोंगरी झाडांना थंडी बाधत नाही, उघडेपणा बाधतो. डोंगरावर बर्फ पडला की महिनोन् महिने दुलईसारखा राहतो. ट्रॉयला तो पडतो, वितळतो, पुन्हा पडतो. मधल्या काळात उघड्या जमिनीवर गोठवणारा वारा आला की झाडं मुळासकट वर येतात.

मागच्या फेब्रुवारीत चढ बोडका आणि पुढचे चार दिवस शून्याखाली. काका हातगाडी घेऊन निघाले. लोकांच्या ड्राइव्हवेच्या कडेला खरवडून टाकलेल्या बर्फाचे जुने ढीग होते. काका दार वाजवायचे. "तुमचा बर्फ मी नेला तर चालेल?"

लोक म्हणाले, न्या बाबा. पण ड्राइव्हवेवर लोक मीठ टाकतात आणि खारट बर्फ झाडांना विष! कोणी मीठ टाकलंय ते विचारलं तर कोणाला आठवेना. मग काकांनी उपाय काढला. प्रत्येक ढिगासमोर वाकायचं, चिमूटभर बर्फ जिभेवर ठेवायचा, डोळे मिटायचे.

"हा नको. खारट."

पुढचं घर. चिमूट. डोळे बंद. "ह्यात किंचित आहे."

मी मागून वहीत लिहितेय. घर नंबर, चव. सातव्या घरासमोर काकांचा चेहरा उजळला. "बेचव! एकदम बेचव! भरा गाडी!"

खिडक्यांचे पडदे हलत होते. काकूंना तीन फोन आले. अर्ध्या तासात सोसायटीच्या ग्रुपवर ग्लेनचा मेसेज: "अनेकांनी काळजीने विचारलं म्हणून कळवतो. मिस्टर देशमुख ठीक आहेत. ते बर्फ चाखत आहेत."

खाली कोणीतरी लिहिलं, "माझा कसा होता?"

*

काकांना झाडांची लॅटिन नावं लक्षात राहत नाहीत. मग ते नातेवाइकांची नावं देतात. स्वभाव जुळला पाहिजे एवढीच अट. एक लवकर रुसणारं झाड म्हणजे त्यांचा मेहुणा. एक जांभळ्या फुलांचा थाइम आहे, सरपटत जातो आणि वाटेतल्या सगळ्यांना झाकून टाकतो. त्याच्यापुढे त्यांनी पाटी लावली: "सुमन. झपाट्याने पसरते. वेळीच आवर घालावा."

सुमनवहिनी म्हणजे त्यांच्या थोरल्या भावाची बायको. नागपुरात राहतात, इथे कोण बघायला येतंय!

मागच्या ऑगस्टमध्ये वहिनी आल्या. पहिल्याच संध्याकाळी फिरायला म्हणून चढाकडे गेल्या, चष्मा लावला आणि पाट्या वाचू लागल्या. एकेक. सावकाश. आम्ही तिघं रस्त्याच्या पलीकडे!

थाइमच्या पाटीपाशी त्या थांबल्या. दोनदा वाचली. वळून म्हणाल्या, "छान आहे हो भाऊजी बाग. मन लावून केली आहे."

बस. जेवताना काही नाही, झोपताना काही नाही. काका रात्रभर जागे.

सकाळी चढावर नवी पाटी होती, ठसठशीत अक्षरात. खाली एक कोपऱ्यातलं झाड, लावल्यापासून होतं तेवढंच राहिलेलं.

"अशोक. वाढ नाही, फूल नाही. तरी सगळे कौतुक करतात."

काकांनी ती पाटी काढलेली नाही. उलट पावसात शाई गेली तेव्हा स्वतः पुन्हा गिरवली.

*

माझ्यावरही एक किस्सा आहे आणि वही माझी असली म्हणून तो गाळणं बरोबर नाही.

मेलेल्या झाडाला मी 'मेली' असं लिहिते. 'मलूल', 'आजारी', 'झोपली असावी' असले शब्द माझ्या वहीत नाहीत. काकांना हे फार लागतं. मी चढावर गुडघे टेकून बसले की ते हॉस्पिटलच्या बाहेर उभ्या असलेल्या नातेवाइकासारखे येरझाऱ्या घालतात.

मागच्या ऑक्टोबरात सतराव्या रांगेतल्या तिसऱ्या चौकोनातली निळ्या घंटांची कॅम्पॅन्युला गेली. काकांची लाडकी. तिला त्यांनी नातेवाइकाचं नाव दिलं नव्हतं. कोणाचाच स्वभाव तेवढा चांगला नाही म्हणाले. मी काठीने उकरलं. वर काही नाही, खाली दोन बोटं काही नाही.

"वसुधा, 'आजारी' लिही ना."

"काका, पान नाही, देठ नाही."

"अगं, 'गावाला गेली' लिही!"

मी लिहिलं: १२ ऑक्टोबर, मेली.

काका निघून गेले. मग कुठून तरी ताटाएवढा चपटा दगड घेऊन आले आणि त्या जागेवर ठेवला. "निदान टक्कल तरी दिसायला नको," म्हणाले.

मी ते समासात लिहिलं. रकान्यात बसत नव्हतं.

*

तर आता मोजणी.

आठ मेला मी दोऱ्या ताणून रंगीत तालीम केली. एकाहत्तर. पुन्हा मोजले. एकाहत्तर. हिवाळ्याने चारपाच जागा खाल्ल्या होत्या.

काका दोऱ्या गुंडाळायला लागले. एवढी नीट गुंडाळली त्यांनी दोरी, की बघवेना. मीनल म्हणाली, "एक आठवडा आहे ना काका." काका म्हणाले, "आहे ना." अप्पा बाकावर बसून होते. त्यांनी फक्त विचारलं, "हिरवं कमी पडतंय का?"

मग सहा दिवस पाऊस. चढाकडे कोणी फिरकलं नाही.

काल संध्याकाळी पाऊस थांबला म्हणून गेलो, तर चढ हिरवागार! जिथे नुसती खडी होती तिथे इवल्या इवल्या हिरव्या पानांची दाटी. मी मोजलं. चौऱ्याऐंशी! काका हसायला लागले, मीनलने मला मिठी मारली. मग मी खाली वाकले, एक पान चुरगाळलं आणि वास घेतला.

"मीनल," मी म्हणाले. "ही मेथी आहे."

"अप्पा!"

अप्पा शांत. "हिरवं कमी होतं ना? चार वाट्या मेथी भिजवली, फडक्यात बांधून मोड आणले, टाकले. खड्याला हात लावलेला नाही, शप्पथ! सहा दिवसांत बघ कशी आली. तुमची ती डोंगरावरची मंडळी अडीच वर्षं बसून आहेत."

"अप्पा, नवीन काही लावायचं नव्हतं! रूल आहे!"

"मग हे मला मराठीत कोणी सांगितलं?"

खरंच कोणी सांगितलं नव्हतं.

मीनल हळूच म्हणाली, "काका, ग्लेनला कुठे मेथी ओळखता येतेय?"

काका चढाकडे बघत होते. चौऱ्याऐंशी. किती सुंदर दिसत होता तो!

"नको," ते म्हणाले. "दुसऱ्या गाडीची बिजागरी लावली, तरी दार लागतं गं. पण मग ते नेमकं पाहुणे बसताना निखळतं."

म्हणून आज सकाळी सहाला, ३९ अंशात, आम्ही चौघं चढावर उकिडवे. दवाने बोटं बधिर. अप्पा एकेक मेथी मुळासकट उपटून, माती झटकून, जुड्या बांधत होते. "समुद्रमेथी अशीच असते," मधेच म्हणाले. "कोवळी. लसूण घालून परतायची."

"अप्पा, प्लीज!"

नऊपर्यंत मेथी संपली. ग्लेन यायच्या आधी पुन्हा मोजायची हिंमत कोणाला झाली नाही.

दहाला ग्लेन आला. पेन, पॅड, टोपी. आम्ही दोऱ्या ताणल्या. मी रांगेने आकडा म्हणायचा, ग्लेनने खूण करायची. थाइम पावसात पुढे सरकला होता, वहिनींच्या नावाला जागला होता. त्याने तीन चौकोन जास्तीचे घेतले. बारावी रांग संपली. पंधरावी संपली. काका पाठ फिरवून उभे होते.

विसावी संपली. ग्लेनने खुणा मोजल्या. मी माझ्या मोजल्या. दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

चौऱ्याहत्तर.

पुन्हा मोजले. चौऱ्याहत्तर.

ग्लेनने टोपी काढली. "अशोक, आय ॲम सॉरी."

"नो, नो," काका म्हणाले. "रूल इज रूल." आणि त्यांनी पहिल्या दोरीची गाठ सोडायला घेतली.

"किती झाले?" अप्पांनी विचारलं.

"चौऱ्याहत्तर," मीनल म्हणाली.

"आणि पाहिजेत?"

"पंच्याहत्तर."

अप्पा उठले. चढाच्या कडेने चालत गेले, आयुष्यभर तांदळाच्या परातीवरून नजर फिरवली तशी नजर फिरवत. सतराव्या रांगेशी थांबले. कमरेवर हात ठेवून काकांना म्हणाले, "देशमुख, तुमच्या सगळ्या बारीक खडीत हा एकच मोठा खडा राहिलाय. मघापासून डोळ्यात खुपतोय. निवडू का?"

काकांनी हातानेच सांगितलं, निवडा.

अप्पांनी दोन्ही हातांनी चपटा दगड उचलला.

आम्ही वाकलो. दगडाखाली फिकट, पिवळ्या, दोऱ्यासारख्या सात-आठ काड्या होत्या, दाबून चपट्या झालेल्या. प्रत्येकीच्या टोकाला मोहरीएवढं पान.

ग्लेन गुडघ्यांवर बसला. "इज इट न्यू?"

मी वही उघडली आणि त्याला पहिल्या वर्षाच्या लावणीचं पान दाखवलं. मग मागच्या ऑक्टोबरचं पान दाखवलं. त्याला मराठी येत नाही, म्हणून शब्दाचा अर्थही सांगितला.

"अँड इज इट अलाइव्ह?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मी एका काडीला नखाने ओरखडा काढला. आत हिरवं होतं.

रांग १७, चौकोन ३. 'मेली' खोडलं, तारीख घातली.

मोजणी: ७५. सही, ग्लेन.

मेथी: अकरा जुड्या. चार घरांना पुरली, त्यातलं एक ग्लेनचं.

खडा अप्पांनी ठेवून घेतला.